ठमाबाईच्या डब्यातली पावडर

झाकण दिसलं की ते उचलून बघायचं, ही ठमाबाईची जन्माची खोड. वडप्याजवळच्या तिच्या माहेरी बांधावर खेकड्याचं बीळ दिसलं म्हणून तिने लहानपणी आत हात घातला होता. खेकड्याने बोट धरलं, आरडाओरडा झाला, आईने पाठीत धपाटे घातले. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पुन्हा त्याच बिळापाशी, आणि या खेपेला दुसरा हात आत. का, तर बीळ पुढे कुठे वळतं ते काल बघायचं राहून गेलं होतं. "हिची ही खोड हिला एक दिवस गोत्यात आनील," असं आई म्हणायची. आणलंही, पण त्याला बरीच वर्षं जावी लागली.

लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे महादूने, शेतावरची मजुरी सोडली आणि दोघं भिवंडीला नारपोलीत येऊन राहिली. महादू सायझिंगमध्ये लागला. लूमवर चढण्याआधी सूत मजबूत व्हावं म्हणून तिथे त्याला शिजवलेली खळ पाजतात. खळ म्हणजे मक्याच्या पिठाची पेजच, फक्त ती माणसाने प्यायची नाही, सुताने प्यायची. महादू ती मोठमोठ्या टाक्यांत शिजवायचा आणि संध्याकाळी वाफेने उकडून निघाल्यासारखा घरी यायचा.

ठमाबाई बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालायची. हे काम तिच्याकडे चालून आलं. शेजारणीची न्हाऊ घालणारी बाई गावी गेली होती, ठमाबाई नुसती बघायला म्हणून डोकावली आणि बाळाला पायावर घेऊन बसली. तिचे हात रुंद, तळवे मऊ. बाळ रडायचं थांबलं ते थेट झोपूनच गेलं. मग नारपोलीतली एकेक चाळ करत तिची ख्याती पार ब्राह्मण आळीपर्यंत पोचली. पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराला तर पोटुशी बाई सातव्या महिन्यातच तिला सांगून ठेवायची.

आता गंमत बघा. आख्ख्या भिवंडीतल्या बायकांची अंगं या बाईने पाहिलेली, चोळलेली, शेकलेली. कोणाच्या पाठीवर तीळ आहे आणि कोणाचं पोट सुटलं ते तिला ठाऊक. पण तिचं स्वतःचं अंग आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. ती अंगाने चांगली भरलेली होती, त्याची तिला लाज वाटे. आंघोळसुद्धा लुगडं गुंडाळून, मोरीचा पडदा ओढून. चोळी घट्ट, नेहमीची, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात तिच्याखाली घामाच्या धारा.

एका उन्हाळ्यात महादूने मोठा डबा भरून खळीचं पांढरं पीठ घरी आणलं. फाटक्या गोणीतून सांडलेलं, झाडून टाकायचं, म्हणून शेठच 'घेऊन जा' म्हणाला होता. भांडी घासायला होईल असं महादूला वाटलं. ठमाबाईने झाकण उचललं, चिमूट घेऊन बोटांवर चोळली, आणि तिचे डोळे चमकले. दुकानातली डब्यातली पावडर जशी गुळगुळीत, तशीच ही! तिने ती आधी स्वतःच्या काखेत आणि छातीखालच्या घडीत लावून पाहिली. घाम शोषला गेला, कातडीला कातडी चिकटेना, चैत्र-वैशाखात असं सुख तिने कधी पाहिलं नव्हतं. मग ती बाळांच्या मानेला, जांघेला लावू लागली. घामोळी दबली. बायका विचारू लागल्या, "ठमाबाई, कुठली गं ही पावडर?" ठमाबाई नुसती हसायची आणि कागदाची पुडी बांधून द्यायची. सगळ्यांना सगळं विचारणारी बाई, पण या बाबतीत चक्क गुपित राखून होती. फुशारकी कोणाला सुटली आहे?

ब्राह्मण आळीतल्या माईंकडे तर पुड्यांवर पुड्या जात. माई म्हणजे शाळेत कारकून असलेल्या अवधूतची आई. सडसडीत नव्हे, चांगल्या धिप्पाड. कडक सोवळ्याच्या आणि त्याहून कडक जिभेच्या. त्यांची सून शुभदा त्या आषाढात बाळंत झाली. माहेरी आई नव्हती म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगा झाला, गुटगुटीत, मानेला अशा वळ्या की मान आहे की नाही शोधावं लागे. "एवढ्याशा जिवाला येवढी पावडर कशी लागते वो?" असं ठमाबाईने एकदा विचारलं. "सांडते," माई म्हणाल्या. ठमाबाईचं काही समाधान झालं नाही, पण माईंना दुसऱ्यांदा विचारायची छाती तिच्यातही नव्हती.

श्रावण सरला, भाद्रपद आला. पाऊस येऊन जाऊन, मध्येच कडक ऊन, आणि हवा अशी दमट की दोरीवरचं बाळंतं वाळता वाळत नव्हतं. एका सकाळी बाळाला पायावर घेताना ठमाबाईने मानेची वळी उघडली आणि ती दचकली. आत लालबुंद. तिने तेल लावलं, धुतलं, पुसलं आणि जरा जास्त पावडर भरली. पुढच्या खेपेला लाली वाढलेली. तिने आणखी पावडर भरली. मग कातडी ओलसर, सोललेली दिसायला लागली, कडेला बारीक बारीक पुरळ, आणि आंबूस वास. बाळ मान हलवायचं आणि किंचाळायचं.

माईंनी निकाल देऊन टाकला, "हिनं आंबट खाल्लंय. दुधातून उतरतंय."

"मी काही खाल्लं नाही हो आई," शुभदा म्हणाली.

"खाल्ल्याशिवाय होतं का?"

आणि ठमाबाई, आपली शहाणी ठमाबाई, काय म्हणाली? "डाळ पन बंद करा. डाळीनं उष्मा होतो." झालं. शुभदाची आमटी गेली, भाजी गेली, लोणच्याची तर भिंतीवरची सावलीही नको. बिचारी तूपभात गिळायची आणि बाळ रडलं की तीही रडायची. बाळाला आपल्या दुधाचंच विष होतंय असं तिच्या मनाने घेतलं. एकदा ठमाबाईने पाहिलं, बाळ भुकेनं तोंड हलवत होतं आणि शुभदा त्याला छातीशी घ्यायला घाबरत होती. बाळाला दूधच तोडलं तर काय होतं, ते तिने आपल्या गावात पाहिलेलं होतं.

त्या दिवसांत ठमाबाईचं स्वतःचंही काही खरं नव्हतं. छातीखाली दोन्हीकडे आग आग होत होती. न्हाऊ घालायला वाकलं की घडी घासायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. घरी आल्यावर पडदा ओढून तीही मूठमूठ पावडर भरायची.

एका दुपारी ती बाळाची वळी पुसत होती, तेव्हा फडक्याला काहीतरी लागलं. पांढरट, चिकट, बोटात धरलं तर शेवयांसारखे वळलेले धागे. तिने ते वासाला नाकाशी नेलं. शुभदाने तोंड फिरवलं, पण ठमाबाईला किळस ठाऊकच नव्हती. शिवाय हा वास तिच्या ओळखीचा होता. सकाळीच स्वतःच्या चोळीला तिला तोच वास आला होता.

घरी जाताना ती रस्त्याने एकटीच बोलत चालली होती. "बाळाला झालंय तेच मना झालंय. बाळ काय खातंय? दूध. मी काय खाते? सुकट, भाकर. मी काय शुभदाचं दूध पिते? बाळ काय सुकट खातंय?" समोरून येणारा टांगेवाला तिच्याकडे बघून हसला. ठमाबाई थांबली. "मंग दोघांच्या अंगावर एकच काय पडतंय?"

उत्तर समोर दिसत होतं आणि तिला ते नको होतं. माणसाला आपल्याच हातचं खोटं निघालेलं नको असतं. पण खेकड्याच्या बिळात दुसऱ्यांदा हात घालणारी बाई ती, गप्प थोडीच बसणार!

तिने एक युक्ती केली. देवाने बाईला डावं-उजवं दिलंय ते असंच नाही, असं तिने मनाशी ठरवलं. डावीकडे पूर्वीसारखीच पावडर. उजवीकडे काही नाही, नुसतं धुवायचं, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याने टिपून कोरडं करायचं, चोळी सैल करायची आणि घडीत त्याच तुकड्याची पट्टी ठेवायची, म्हणजे कातडीला कातडी लागायला नको. आणि दुपारी दार लावून वारा घालायचा. एकदा महादू शिफ्ट संपवून लवकर आला तर दाराला आतून कडी. त्याने फटीतून हाक मारली.

"काय करतेस?"

"वारा घालते."

"कोनाला?"

"उजव्या बाजूला."

महादू ओट्यावर बसून राहिला. या बाईशी संसार करायचा तर काही प्रश्न अर्ध्यावर सोडून द्यायचे असतात, हे तो केव्हाच शिकला होता.

उजव्या बाजूची आग आधी कमी झाली. लाली पुरती गेली नाही, पण ओल गेली. डावीकडे मात्र चिखल व्हायचा तेवढा झाला. ठमाबाईने शेवटी महादूला विचारलं, "तुमची ती खळ ओली राहिली तर काय होतं?"

"आंबते. पावसात सूत गुंडाळलेला बीम पडून राहिला तर सुतावर बुरी धरते," महादू म्हणाला. "म्हनून तर खळ शिजवताना मोरचूद टाकतात."

"मोरचूदनं बुरी मरते?"

"मरते." आणि मग बायकोचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "ए बाय, अंगाला लावशील! कातडं जाईल! डॉक्टरकडं जा."

डॉक्टर म्हणजे अंग दाखवणं आलं. बाजारात एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथे ती बाकावर बसली, नंबर आला तशी उठून बाहेर आली, पुन्हा जाऊन बसली. आत गेल्यावर म्हणाली, "माझ्या शेजारनीच्या छातीखाली आग होते."

"शेजारणीला घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ती लाजते."

"मग तुम्ही दाखवा. शेजारणीचं तुमच्याच अंगावर असेल तर."

ठमाबाई हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. इतक्या बायकांना तिने 'अगं, लाजतेस काय, मी काय परकी हाय?' असं म्हटलं होतं. ते म्हणणं किती सोपं होतं ते तिला आता कळलं. तिने पदर काढला.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू पाहिल्या आणि त्यांनाच नवल वाटलं. "हे एकीकडे बरं आणि एकीकडे वाईट कसं?" ठमाबाईने सांगितलं. सांगायला लागली तशी तिची लाज कुठल्या कुठे पळाली. डॉक्टरीणबाई खुर्ची पुढे ओढून ऐकत बसल्या. मग त्यांनी उलगडून सांगितलं. जिथे कातडीला कातडी घासते आणि घाम साठतो, तिथे आधी सोलवटतं. मग त्या ओलीत बुरशी बसते. भाकरीवर बसते तशीच. उन्हाळ्यात हवा कोरडी, पीठ घाम पिऊन टाकायचं. पावसाळ्यात पीठच ओलं राहायचं. "तुम्ही त्या बुरशीला रोज जेवायला वाढत होतात," त्या म्हणाल्या. मोरचूदाचं विचारल्यावर मात्र त्या चांगल्याच ओरडल्या. उजवी बाजूही नुसत्या वाऱ्याने पुरी बरी होणार नाही, औषध लागेल, असं सांगून त्यांनी बाटलीतलं जांभळं औषध कापसाने पातळ लावलं, रोज धुऊन, टिपून, वाळवून मगच लावायला सांगितलं.

"आनि बाळाच्या मानेत असलं तर?"

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "कोणाचं बाळ?"

ठमाबाई बोटं मोजू लागली. कोणाकोणाची नावं घ्यायची?

"आधी मला दाखवायला आणा. आणि आईचं दूध अजिबात तोडू नका. त्याचा काही दोष नाही."

ती तशीच ब्राह्मण आळीत गेली. रस्ताभर तिच्या मनात एकच होतं. सांगितलं तर माईंचं घर जाणार, आणि माईंचं घर गेलं की आळी जाणार. न सांगितलं तर बाळाचं दूध जाणार. तसा हा हिशोब फार अवघड नव्हता, पण पाय काही उचलेना.

माई माजघरात बसल्या होत्या, शुभदा बाळाला मांडीवर घेऊन. ठमाबाईने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पावडर कसली, कुठली, बाळाच्या मानेत काय झालंय आणि डॉक्टरकडे न्यायला हवं.

"काहीतरीच!" माई म्हणाल्या. "सबंध उन्हाळा आळीतल्या बाळांना लावली, कोणाला काही झालं नाही. एवढी स्वच्छ पांढरी पावडर. हिच्या खाण्याचं झाकायला बघतेस होय? सांगितलं असेल हिनंच तुला."

"आई, मी..." शुभदाने बाळाला घट्ट धरलं.

ठमाबाईने जाऊन दाराला कडी लावली. मग पाठ फिरवली नाही, पडदा शोधला नाही. जिने आजवर नवऱ्यासमोरही दिवसाउजेडी चोळी सोडली नव्हती, तिने माईंच्या माजघरात ती सोडली.

"बगा. दोन्हीकडं औषध लावलंय, पन खालचं दिसतंय तुमाला. ही डावी, हिला पावडर लावली. ही उजवी, हिला न्हाय लावली. मी काय बाळंतीन हाय? मी काय आंबट खाल्लं? आनि खाल्लं असतं तर एकाच बाजूला उतरलं असतं का?"

माई बघत राहिल्या. नजर हटवावी तर हटेना. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि मग रागाने लाल झाला.

"झाक ते," त्या म्हणाल्या. "लाज नाही वाटत? माझ्या नातवाच्या अंगाला गोणीतली खळ फासलीस आणि वर हे दाखवतेस? उद्यापासून या घराची पायरी चढू नकोस."

ठमाबाईने चोळी बांधली. तेवढ्यात मागून शुभदाचा आवाज आला, लग्न झाल्यापासून त्या घरात कोणी ऐकला नव्हता असा. "आई, बाळाला मी आत्ता दवाखान्यात नेते. आणि संध्याकाळी मी आमटी खाणार आहे. चिंचेची." एवढं बोलून तिने बाळाला छातीशी घेतलं आणि सासूसमोरच पाजायला बसली.

ठमाबाई पुढे घरोघर फिरली. ज्याला ज्याला पुडी दिली होती त्याला त्याला परत मागितली. काहींनी समजून घेतलं, काहींनी हात जोडून निरोप दिला. एकीने तर पुडी द्यायलाच नकार दिला, ठमाबाईला ती पावडर आता महाग विकायची असेल म्हणून! डबा तिने मोरीत रिकामा केला. जिथे काम राहिलं तिथे ती नव्या रीतीने न्हाऊ घालू लागली. वळीतलं तेल नीट काढायचं, मऊ फडक्याने टिपायचं, घासायचं नाही, मान उघडी करून बाळाला जरा वाऱ्यावर ठेवायचं आणि मगच झबलं. "नुसता वारा?" बायका विचारत. "नुसता वारा. आनि लाल दिसलं की डॉक्टरीनबाई," ती म्हणे. शुभदाच्या बाळाची मान बरी झाल्याचं तिला दुसऱ्यांकडून कळलं. जांभळ्या मानेचा तो मुलगा आळीत सगळ्यांनी कौतुकाने पाहिला. तिला मात्र बघायला मिळाला नाही, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

आश्विनात माईंचा निरोप आला. ये म्हणून, एवढाच.

घरात सामसूम होती. शुभदा बाळाला घेऊन देवळात गेली होती, अवधूत शाळेत. माईंनी ठमाबाईला पाट दिला, पाणी दिलं. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलल्या. ठमाबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. माई हात अंगापासून जरा दूर धरून बसल्या होत्या. अंगाला अंग लागू नये म्हणून जपावं, तसे.

"माई," ठमाबाई हळूच म्हणाली, "त्या येवढ्या पुड्या सांडल्या न्हवत्या ना?"

माई उठल्या, कडी लावली आणि तिच्याकडे पाठ करून चोळी सोडली. मग सावकाश वळल्या आणि पदर खाली केला.

ठमाबाईने आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, तरी तिच्या तोंडून "अगं आई" निघून गेलं. "कवापासून हाय हे?"

"अवधूत झाला तेव्हापासून," माई म्हणाल्या. "दर पावसाळ्यात." त्यांचा तो कडक आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "सासूबाईंना सांगितलं होतं एकदा. म्हणाल्या, आंबट खाल्लं असशील."

ठमाबाईने खांद्यावरचं मऊ फडकं काढलं आणि अगदी हलक्या हाताने टिपायला सुरुवात केली. माईंनी डोळे मिटून घेतले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"चला," टिपून झाल्यावर ठमाबाई म्हणाली. "लुगडं नेसा. डॉक्टरीनबाईकडं जाऊ. मी येते संगती."

"काय सांगायचं तिथे?"

"सांगा, शेजारनीला झालंय," ठमाबाई म्हणाली, आणि कडी काढायला उठली.